पाटली निघत नाही, मालिश कुठली घेऊ?

पत्र थोडक्यात असं : ताई ४९ वर्षांच्या आहेत, सिंहगड रोडला राहतात. दहा महिन्यांपूर्वी उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, मग केमो, मग रेडिएशन, ते संपूनही आता दोन महिने झाले. गेले सहा-सात आठवडे संध्याकाळ झाली की उजवा हात जड होतो, ब्लाउजची बाही रुतते, पाटली तर निघतच नाही. फॉलोअपला डॉक्टर म्हणाले, "थोडा लिम्फेडेमा आहे, होतं असं, फिजिओला दाखवा" (लिम्फेडेमा म्हणजे अंगातला लिम्फ नावाचा द्रव साचून येणारी सूज), तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. आता घरात तीन मतं आहेत. वन्सं म्हणतात बाणेरच्या एका स्पामध्ये लिम्फॅटिक ड्रेनेज नावाच्या मालिशचं दहा सेशनचं पॅकेज आहे, अठरा हजार, सगळे टॉक्सिन निघून जातात. सासूबाई म्हणतात बाळंतपणात यायच्या त्या मालिशवाल्या बाईंना बोलाव, तिळाचं तेल लावून चांगलं रगडलं की आठवड्यात उतरेल. मिस्टर म्हणतात मालिशने कॅन्सर पसरतो, कुणालाच हात लावू देऊ नकोस. ताई विचारतात, कुणाचं ऐकू? आणि पत्राच्या शेवटी लिहितात, "खरं सांगू का, सूज उतरो न उतरो, तासभर कुणीतरी शांतपणे हात फिरवेल एवढ्यासाठीसुद्धा स्पा हवासा वाटतो, आणि मग माझीच मला लाज वाटते."

ताई,

तिघांनी तीन सल्ले दिलेत, आणि तिघांचंही थोडं बरोबर नि बरंच चुकतंय, पण एक गोष्ट तिघांनीही न बोलता धरून चाललीये ती म्हणजे प्रश्न मालिशचा आहे. घ्यायची की नाही, कुणाकडून, किती जोरात. तुम्हीही पत्राचं शीर्षक तेच दिलंत. मला वाटतं गाडी इथेच चुकीच्या लेनमध्ये शिरली. तुमच्या हाताच्या बाबतीत मालिश हा चौथा-पाचवा मुद्दा आहे, पहिला नाही, आणि जी मालिश खरंच उपयोगी पडते ती बघितलीत तर तुमच्या सासूबाई म्हणतील ह्याला काय मालिश म्हणायचं, नुसतं कुरवाळणं चाललंय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, या विषयात काम करणाऱ्या एका फिजिओशी तासभर बोलून हे लिहितेय.

हाताला सूज का येते ते एकदा समजलं की अर्धे सल्ले आपोआप गळून पडतात. रक्तवाहिन्यांमधून थोडं पाणी आणि प्रथिनं सतत बाहेर झिरपत असतात, त्यातलं जे रक्तात परत जात नाही ते म्हणजे लिम्फ, आणि ते उचलून न्यायला बारीक नळ्या असतात, दिवसाला काही लिटर द्रव ही यंत्रणा गपचूप वाहून नेते. हिला स्वतःचं हृदय नाही. नळ्या स्वतः थोड्या आकुंचन पावतात, आत झडपा असतात म्हणून माल मागे येत नाही, बाकी ढकलायचं काम स्नायूंची हालचाल आणि आपला श्वास करतो. हातातली जवळजवळ सगळी लिम्फ काखेतल्या लिम्फच्या गाठींमधून गाळून पुढे जाते आणि शेवटी मानेच्या बुडाशी, गळपट्टीच्या हाडामागे, शिरेत जाऊन मिळते.

आता पुण्यातली अनंत चतुर्दशीची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. लक्ष्मी रोड भरला की मंडळं टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोडने जातात, पण सगळ्यांना शेवटी यायचं असतं अलका चौकातच. तुमच्या काखेतला लक्ष्मी रोड ऑपरेशनने आणि रेडिएशनने अरुंद झालाय, कायमचा. अशा वेळी मागच्या मंडळाने कितीही जोर लावून ढकललं तरी काही होत नाही, उलट चेंगराचेंगरी. आधी अलका चौक मोकळा करायचा, मग बाजूचे रस्ते उघडायचे, मग मागच्यांना हळूहळू त्या रस्त्यांना वळवायचं. हातावर लिम्फॅटिक ड्रेनेज करतात ते अगदी याच क्रमाने. सुरुवात मानेपासून आणि खोल श्वासांपासून. मग चांगल्या बाजूची काख, म्हणजे तुमची डावी. मग उजव्या बाजूची जांघ. मग छातीवरून आडवं डावीकडे आणि कुशीवरून खाली, म्हणजे पर्यायी रस्ते. त्यानंतर कुठे दंड, मग कोपराखालचा हात, शेवटी पंजा. आणि ढकलायची दिशा प्रत्येक वेळी वरती, खांद्याकडे. जी व्यक्ती तेल ओतून बोटांपासून सुरू करते आणि सगळं दाबत उजव्या काखेत नेऊन सोडते, तिला हे येत नाही असं खुशाल समजा, मग तिच्या भिंतीवर कितीही सर्टिफिकेटं लावलेली असोत.

दाबाचं म्हणाल तर, दुधावरची साय न फाटता बोटाने कडेला सरकवायचीये अशी कल्पना करा, तेवढाच. कारण या नळ्यांचं पहिलं जाळं अगदी कातडीखाली असतं, कातडी हलकेच ताणली की त्यांची तोंडं उघडतात, जोरात दाबलं तर त्या मिटतात आणि वर रक्तपुरवठा वाढून अजून पाणी झिरपतं. म्हणून तेलही नको, तेलाने हात घसरतो आणि कातडी ताणलीच जात नाही. ही पद्धत बसवली एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्याने, १९३०च्या दशकात, फ्रान्समध्ये कानला असताना. सततच्या सर्दीच्या पेशंटांच्या मानेतल्या सुजलेल्या गाठींवर त्यांनी हलक्या हाताने काम करून पाहिलं, तेही ज्या काळात या गाठींना हात लावायला लोक घाबरायचे तेव्हा, आणि १९३६ साली पॅरिसमध्ये ते लोकांसमोर मांडलं. पुढे जर्मनीत फोल्डी दांपत्याने त्याला बँडेज, व्यायाम आणि कातडीची काळजी जोडून पूर्ण उपचार तयार केला.

ही जोडणीच महत्त्वाची, आणि स्पाच्या पॅकेजमधून नेमकी तीच गायब असते. सूज उतरवायचं मुख्य काम करतं कॉम्प्रेशन, म्हणजे थरांचं बँडेज आणि नंतर मापाची स्लीव्ह, हाताला घट्ट बसणारी लवचिक बाही. बँडेजबरोबर ही मालिश दिली तर सौम्य ते मध्यम सूज असणाऱ्यांना थोडा जास्त फायदा होतो, एवढाच निष्कर्ष आजवरचे अभ्यास एकत्र तपासून निघालाय. नुसती मालिश करून घरी आलात तर रात्री हात हलका वाटेल, दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापल्या की परत तिथेच. म्हणजे अठरा हजारांत दहा हलक्या रात्री. दहा हलक्या रात्रींनाही किंमत आहे, मी नाही म्हणत नाही, त्यावर पुढे बोलूच, पण तो उपचार आहे असं समजून पैसे भरू नका. आणि टॉक्सिनचं म्हणाल तर ते काम लिव्हर आणि किडनी बघतात, लिम्फमध्ये असतं पाणी, प्रथिनं, पांढऱ्या पेशी, आणि आतड्याकडून येणाऱ्या लिम्फमध्ये जेवणातली चरबी. वन्संना हे जेवताना सांगू नका मात्र.

मिस्टरांची भीती मात्र मला हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही, कारण ती खूप घरांत असते आणि कुणी उघड बोलत नाही. उपचार पूर्ण झालेल्या बाईला अशा हलक्या मालिशने कॅन्सर पसरतो असा पुरावा नाही. जिथे रोग अजून आहे किंवा पुन्हा आल्याची शंका आहे तिथे त्या जागेवर मालिश करत नाहीत, हे खरं, आणि म्हणूनच सुरुवात करण्याआधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारायचं, "ड्रेनेज सुरू करू का, काही हरकत?" मिस्टरांना बरोबर घेऊन जा आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. बायकोने आणलेलं उत्तर आणि स्वतःच्या कानांनी ऐकलेलं उत्तर यांत आपल्याकडे फार फरक असतो.

आता सासूबाईंच्या मालिशवाल्या बाई. इथे मला माझ्या घरची गोष्ट सांगितलीच पाहिजे. सहा वर्षांपूर्वी आईचा गुडघा बदलला, बाराव्या-तेराव्या दिवशी पाय भरून आला, आणि आईचा हट्ट की तिच्या नेहमीच्या बाईंना बोलवा, मी फिजिओचं ऐकणार नाही. बाई आल्या, वाटीतलं तेल कोमट करून घेतलं, पदर खोचला, पोटरीवर पालथा हात ठेवला, आणि तसाच ठेवून बसल्या. दुसऱ्या पोटरीवर ठेवला. परत पहिल्यावर. मग वाटी बाजूला सारून मला म्हणाल्या, "ताई, ही पोटरी गरम लागतीये आणि लाकडासारखी झालीये, मी नाही हात लावणार, आधी डॉक्टरला दाखवा." डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केलं तर शिरेत रक्ताची गुठळी. त्या दिवशी त्यांनी रगडलं असतं तर ती गुठळी सुटून फुफ्फुसात गेली असती का हे कोण सांगणार, पण त्या धोक्यासाठीच अशा पायाला मालिश करत नाहीत. तेव्हापासून मालिशवाल्या बायकांना अडाणी म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. चाळीस वर्षं जिचा हात माणसांच्या अंगावर फिरलाय तिला बरंच काही कळतं. पण त्यांना येतं ते स्नायूंचं काम, आणि तुमची अडचण स्नायूंची नाहीये. बाईंना बोलवा की खुशाल, पाठ नि पाय करून घ्या, उजवा हात, उजवी छाती आणि उजव्या खांद्यामागचा भाग सोडून. त्यांना कारण सांगितलंत तर त्या ऐकतील, सासूबाईंपेक्षा लवकर ऐकतील.

मग पहिला मुद्दा कुठला, तर ही सूज कशाची आहे ते पक्कं करणं. डॉक्टर लिम्फेडेमा म्हणाले ते बहुतेक बरोबरच असेल, काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर साधारण पाच बायकांत एकीला तो होतो, आणि एक-दोनच गाठी तपासायला काढल्या असतील तर वीसात एकीला, म्हणजे यात तुमचं काही चुकलं म्हणून झालं असं अजिबात नाही. पण ते एका मिनिटात बोलले आणि तुम्ही एका मिनिटात ऐकलंत. परत जा आणि विचारा, शिरेत गुठळी नाही ना, काखेत पुन्हा काही नाही ना, डॉपलर किंवा सोनोग्राफी लागेल का. सूज एक-दोन दिवसांत अचानक वाढली, हात निळसर झाला, नवीन दुखणं सुरू झालं, मुंग्या येऊन बोटांतली ताकद गेली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. आणि हात लाल, गरम, ताप, थंडी वाजून येणं, हे तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र झाली असली तरी, कारण तो जंतुसंसर्ग असतो, अँटिबायोटिक लागतात, आणि असा प्रत्येक हल्ला उरल्यासुरल्या नळ्या अजून खराब करून जातो. त्या दिवसांत ड्रेनेज बंद. हृदयाचा किंवा किडनीचा गंभीर त्रास असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचं नाही, सगळं पाणी एकदम रक्तात परत आणलं तर त्या बिचाऱ्या हृदयाने काय करायचं.

दुसरा मुद्दा मोजमाप, आणि हे तुम्ही या रविवारीच करा. शिंप्याची मऊ टेप घ्या. मनगटाला करंगळीच्या बाजूला हाड वर येतं तिथे शून्य धरायचं, तिथून दंडाकडे दर दहा सेंटिमीटरला बॉलपेनने बारीक खूण करायची, आणि प्रत्येक खुणेवर टेप नुसती टेकवून, न आवळता, घेर मोजायचा. दोन्ही हातांचा. पंजाचाही. वहीत तारीख आणि वेळ लिहायची, आणि दर आठवड्याला त्याच वेळी. तुमचा उजवा हात कामाचा, तो मुळातच थोडा जाड असणार, त्यामुळे अर्ध्या सेंटिमीटरने घाबरू नका, पण कुठल्याही एका खुणेवर दोन सेंटिमीटर किंवा जास्त फरक आला तर तो मोजण्याजोगा लिम्फेडेमा धरतात. अंगठ्याने दहा सेकंद दाबून बघा, खड्डा पडतो का. तुमचं लिहिणं असं की सकाळी हात बरा असतो नि संध्याकाळी भरतो, म्हणजे ही अजून सुरुवातीची पायरी असावी, आणि सुरुवातीच्या पायरीवर हात बराच परत येतो. वर्ष-दोन वर्षं "होतं असं" म्हणत काढली की आत चरबी आणि तंतू जमतात, मग बोट दाबून खड्डाही पडत नाही आणि बँडेजलाही हात दाद देत नाही. म्हणून घाई करायचीच असेल तर ती इथे करा. ही वही घेऊन गेलात ना, की डॉक्टर एका मिनिटात उठवत नाहीत, हेही बघा अनुभव घेऊन.

तिसरा मुद्दा माणूस शोधणं. नुसता "फिजिओ" पुरत नाही, लिम्फेडेमाचं प्रशिक्षण घेतलेला हवा. तुमच्या हॉस्पिटलच्या कॅन्सर विभागात विचारा, नाहीतर पुण्यात फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, त्यांना जोडून ओपीडी असतात, तिथे खाजगीपेक्षा कमी पैशात काम होतं, ससूनलाही फिजिओथेरपी विभाग आहे. फोनवरच विचारा : कुठली पद्धत शिकलात, व्होडर, फोल्डी, लेडुक, कॅस्ली-स्मिथ यांपैकी काहीतरी सांगतील. किती तासांचा कोर्स होता? बाहेरच्या देशांत पूर्ण उपचारासाठी १३५ तास हे किमान मानतात. बँडेज तुम्ही बांधता का? सुरुवात कुठून करता? या शेवटच्या प्रश्नाला "मानेपासून" असं उत्तर आलं तर अपॉइंटमेंट घ्या. हेच प्रश्न स्पालाही विचारा, मला उत्सुकता आहे काय सांगतात. पॅकेजमध्ये स्टीम, हॉट स्टोन, डीप टिश्यू असलं काही असेल तर मात्र नकोच, उष्णतेने त्या हाताला अजून पाणी सुटतं. हवेच्या पिशव्यांचं मशीन भाड्याने मिळतं, तेही स्वतःच्या मनाने आणू नका, खांद्याजवळचा रस्ता मोकळा नसताना खालून पंप मारला तर सूज हातातून उठून छातीत बसते.

थेरपिस्टकडे आयुष्यभर जायचं नसतं हे लक्षात ठेवा. साधारण दोन ते चार आठवडे रोज किंवा एक दिवसाआड ड्रेनेज आणि बँडेज, हाताचं माप खाली येऊन थांबलं की स्लीव्ह, आणि तोवर तुम्हाला स्वतःचं स्वतः करायला शिकवायचं. तुमची पायरी सुरुवातीची आहे तर कदाचित बँडेजशिवाय थेट स्लीव्हवरच भागेल. स्लीव्ह मापाची हवी, मेडिकलवाल्याने "मीडियम बसेल" म्हणून दिलेली नको, आणि क्रेप बँडेज हा तिला पर्याय नाही. पंजा सुजत असेल तर बरोबर ग्लोव्हही लागतो, नाहीतर स्लीव्ह वरून आवळते आणि सगळं पंजात येऊन बसतं. सकाळी उठल्या उठल्या, हात सगळ्यात बारीक असताना चढवायची, भांडी घासायचे रबरी ग्लोव्ह घालून चढवलीत तर नखं लागत नाहीत आणि सुरकुती पडत नाही. रात्री काढायची. दोन घ्या, एक धुवायला एक घालायला, आणि पाच-सहा महिन्यांत तिचा ताण जातो तेव्हा बदला. एप्रिल-मेमध्ये पुण्यात हे घालणं म्हणजे शिक्षा आहे, मला माहितीये, पण त्या दिवसांतच हात जास्त भरतो.

स्वतः करायचं ड्रेनेज पंधरा मिनिटांचं असतं. पोटातून पाच सावकाश श्वास. दोन्ही गळपट्टीच्या हाडांवरच्या खळग्यात बोटं सपाट ठेवून कातडी आत-खाली सरकवायची आणि सोडायची, सोडणं महत्त्वाचं, दहा-पंधरा वेळा. डाव्या काखेत तसंच. मग उजव्या छातीच्या वरून डाव्या काखेकडे, जणू टेबलक्लॉथवरची सुरकुती सरकवताय. उजवी जांघ, मग उजव्या कुशीवरून खाली जांघेकडे. मग दंड, बाहेरच्या बाजूने वर. इतकं लिहून मी थांबते कारण हे वाचून नाही येत, एकदा कुणीतरी तुमचा हात हातात धरून दाखवायला हवं. व्रण जिथे आहे किंवा रेडिएशनने कातडी अजून हळवी आहे तिथे नाही करायचं.

आणि घरात बसून हात जपून ठेवू नका हो. पूर्वी सांगायचे वजन उचलू नको, दोन किलोची पिशवीही नको. २००९ साली अमेरिकेत १४१ बायकांवर एक अभ्यास झाला, सगळ्यांना आधीच लिम्फेडेमा होता, त्यांनी देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजनं उचलली तर सूज वाढली नाहीच, उलट अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. देखरेखीखाली आणि हळूहळू, हे दोन्ही शब्द सोडू नका, उद्याच गॅस सिलिंडर उचलायला जाल. चालणं, प्राणायामातला खोल श्वास, खांद्याचे व्यायाम, वजन आटोक्यात. कातडीला रोज साधं मॉइश्चरायझर. विळीवर नारळ खवताना, कुंड्यांत माती उकरताना ग्लोव्ह, कापलं-भाजलं की लगेच धुवून औषध, डास चावला तर खाजवू नका. बीपी आणि सुई शक्यतो डाव्या हाताला, अलीकडच्या अभ्यासांत त्याचा सुजेशी तसा ठोस संबंध दिसलेला नाही, पण डावा हात मोकळा असताना उजवा कशाला द्या. पाणी कमी पिऊन सूज उतरत नाही, आणि लघवी वाढवायची गोळी स्वतःहून घेऊ नका, पाणी जातं, प्रथिनं मागे राहतात आणि परत पाणी ओढतात.

असंच पत्र लिहायच्या विचारात असलेल्या बाकीच्यांसाठी थोडं. नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर ड्रेनेजची घाई नको, आधी नळी निघू दे, टाके सुकू दे, सर्जन हो म्हणू दे, तोवर सांगितलेले हाताचे व्यायाम मात्र रोज, आणि पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० की ९० दिवस कव्हर आहेत ते बघा, बऱ्याचदा फिजिओची बिलं त्यात बसतात आणि लोकांना नंतर कळतं. काखेतून कोपराकडे सतारीच्या तारेसारखं काहीतरी ताणलेलं दिसत असेल आणि हात वर जात नसेल तर घाबरू नका, तो प्रकार वेगळा आहे, स्ट्रेचिंगने काही महिन्यांत बहुतेक जातो. गुडघा बदललेल्यांना ड्रेनेजने फायदा होतो की नाही यावर अभ्यासांचं एकमत नाही, तिथे बर्फ, पाय उंच ठेवणं आणि घोट्याची हालचाल हीच खरी कामं. आणि पोटाची चरबी काढलेल्यांनो, सर्जन सांगत असेल तर जरूर घ्या, पण टाक्यातून पाणी दाबून बाहेर काढणारी कुणी भेटली तर तिथून उठून या, संसर्गाला आमंत्रण आहे ते.

आता ताई, ते शेवटचं वाक्य. लाज कसली? दहा महिने तुमच्या अंगाला हात लागला तो सुई टोचायला, ड्रेसिंग करायला, मशीनखाली सरळ झोपवायला. प्रत्येक हात काहीतरी तपासत होता. त्यानंतर कुणीतरी नुसतं प्रेमाने हात फिरवावा असं वाटलं तर त्यात चुकलं काय? मला फक्त एवढंच वाटतं की ही एक गरज आणि हाताची सूज ही दुसरी, या दोघींना एका पावतीवर चढवू नका. सुजेसाठी थेरपिस्ट. आणि कुणीतरी अंगावरून हात फिरवावा म्हणून महिन्यातून एकदा डोक्याला नि पायांना मालिश करून घ्यावीशी वाटली तर घ्या, उपचाराचं नाव न देता, अठराशे रुपयांत होईल, अठरा हजार नकोत, आणि घरी हिशोब द्यायला लागू नका.

अजून एक. तुम्ही लिहिलंत की मिस्टर सगळं करतात, रिपोर्ट फाइलला लावतात, गोळ्या काढून देतात, पण ऑपरेशनपासून जरा लांबच झोपतात. मला माहीत नाही त्यांच्या मनात काय आहे, पण मालिशने कॅन्सर पसरतो म्हणणारा माणूस कदाचित स्वतःच्याच हाताला घाबरलेला असतो. गंमत अशी की स्वतःचं ड्रेनेज करताना एक जागा आपल्याला पोचतच नाही, उजव्या खांद्यामागून पाठीवरून डाव्या खांद्याकडे जाणारी. थेरपिस्ट ती घरातल्या कुणाला तरी शिकवतात. डॉक्टरांकडे बरोबर न्याल तेव्हा तिथूनच थेरपिस्टकडेही न्या, आणि थेरपिस्टनाच त्यांना सांगू द्या की ही पाठीची पाच मिनिटं तुमची. दाब सायीएवढाच, चुकायची भीती नाही. फाइलला रिपोर्ट लावणाऱ्या माणसाला ठरलेलं काम दिलं की बरं वाटतं, आणि तुम्हाला काय वाटेल ते तुम्ही मला नंतर कळवा, न कळवलंत तरी चालेल.

बाकी सगळं पुढच्या आठवड्यात करा, पण पाटली उद्याच. सकाळी हात बारीक असताना, पाच मिनिटं उशीवर उंच ठेवून, साबण लावून एकदाच प्रयत्न करा, नाही निघाली तर ओढू नका, कातडी सोलवटली तर तिथून संसर्ग शिरेल. सरळ सोनाराकडे जाऊन कापून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं. सासूबाईंना वाईट वाटेल, लग्नातली आहे म्हणून, तर त्यांना सांगा मोडत नाहीये, पेचाची करून घेतेय, आणि डाव्या हातात घाला.